जेवण द्यावं असं नियमात कुठे लिहिलंय? (१९६५ चा एक मराठी खटला)

आडगल्ली (धागाकर्ता)

आमच्या सोसायटीत गेल्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या कुरडयांवरून वाजलं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी दोन जुन्या साड्या पसरून कुरडया घातल्या होत्या, चारी कोपऱ्यांवर वजनाला दोन विटा, एक बत्ता आणि एक वरवंटा. सेक्रेटरी वर आले नि म्हणाले, "उपविधीत गच्चीवर वाळवणाची परवानगी कुठे आहे, दाखवा." काकूंनी पदराला हात पुसत विचारलं, "मनाई कुठे आहे ते तुम्ही दाखवा की." सेक्रेटरी उपविधीची प्रत आणायला खाली गेले, ते कुरडया वाळून डब्यात जाईस्तोवर वर आले नाहीत.

तेव्हा मला सुप्रीम कोर्टाचा एक जुना निकाल आठवला. काकू जे बोलल्या तेच त्यात आहे, भाषा तेवढी वेगळी. 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध प्रभाकर पांडुरंग संझगिरी', ६ सप्टेंबर १९६५. व्यक्तिस्वातंत्र्याचा विषय निघाला की लोक गोपालन, मनेका गांधी, पुट्टस्वामी ही नावं घेतात. आपल्या आर्थर रोडच्या तुरुंगातून निघालेला हा खटला फारसं कोणी काढत नाही.

हकीकत अशी. ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनचं आक्रमण झालं, आणीबाणी लागली, भारत संरक्षण नियम आले. या नियमांतल्या ३० व्या नियमाखाली सरकार कोणालाही खटल्याशिवाय स्थानबद्ध करू शकत होतं. कम्युनिस्ट कार्यकर्ते प्रभाकर संझगिरी असेच मुंबईच्या तुरुंगात होते. आत बसून त्यांनी पुस्तक लिहिलं, तेही सरकारची परवानगी घेऊन. पुस्तक मराठी, विषय विज्ञान, नाव 'अणूच्या अंतरंगात'. लिहून झाल्यावर हस्तलिखित छपाईसाठी बाहेर पाठवू द्या असा अर्ज केला. २७ मार्च १९६४ च्या पत्राने सरकारने नकार कळवला. मग तुरुंगाच्या अधीक्षकांकडे अर्ज केला, तिथेही नाही.

म्हणजे लिहायला परवानगी, पण लिहिलेलं भिंतीबाहेर न्यायला बंदी. 'अणू' हा शब्द वाचून सचिवालयात (तेव्हा मंत्रालय म्हणत नसत) कोणाच्या तरी कपाळाला आठी पडली असावी, असा आपला माझा तर्क.

संझगिरी हायकोर्टात गेले. न्यायाधीशांनी पुस्तकाची अनुक्रमणिका मागवून वाचली आणि नोंदवलं की हे शुद्ध शास्त्रीय लेखन आहे, यात अणुसंशोधनातलं कुठलंही गुपित नाही, देशाच्या संरक्षणाला यापासून धोका नाही. हस्तलिखित बाहेर जाऊ द्या, असा आदेश झाला. सरकार अपिलात सुप्रीम कोर्टात गेलं. (एका मराठी विज्ञानपुस्तकासाठी राज्य सरकारने दिल्लीपर्यंत जावं! प्रकाशकांनी एवढी धावपळ केली असती तर मराठी विज्ञानसाहित्याचं भलं झालं असतं.)

आता सरकारचा युक्तिवाद ऐका, कारण मला बोलायचंय ते त्यावरच. सरकार म्हणालं: माणूस स्थानबद्ध झाला की त्याचं स्वातंत्र्य संपलं. मग त्याला तेवढ्याच सवलती मिळतात ज्या स्थानबद्धतेच्या अटींच्या आदेशात लिहिल्या आहेत. पत्रं, भेटी, वर्तमानपत्रं यांबद्दल आदेशात आहे. पुस्तक लिहून बाहेर पाठवण्याबद्दल काही नाही. म्हणून तो हक्क नाही.

न्या. सुब्बा राव यांनी हे उलटं केलं. ते म्हणाले, त्या अटी हक्क वाटायला केलेल्याच नाहीत, निर्बंध घालायला केल्या आहेत. ज्यावर निर्बंध घातला नाही ते माणसाकडेच राहतं. नाहीतर काय होईल? आदेशात जेवण देण्याची अट नसेल तर स्थानबद्धाला उपाशी मारलं तरी चालेल, असा अर्थ निघेल. स्वातंत्र्याच्या बाबतीत नियमांचा असा अर्थ लावता येत नाही. अपील फेटाळलं गेलं.

मला सगळ्यात जास्त भिडतं ते हे जेवणाचं उदाहरण. तिथे घटनेचं तत्त्वज्ञान नाही की परदेशी निकालांची रास नाही. फक्त एक रिकामं ताट पुढे ठेवलंय आणि विचारलंय, हे तुमच्या तर्कात बसतं का?

माझं म्हणणं एवढंच आहे. कोर्ट व्यक्तीचा हक्क राखतं की नाही, हे बऱ्याचदा कागद कोणी दाखवायचा यावर ठरतं. माणसाने परवानगीचा कागद दाखवायचा की सरकारने मनाईचा? घटनेत तेच शब्द राहतात, पण हे ओझं कोणाच्या खांद्यावर टाकलं त्यावरून निकाल फिरतो.

मेथांबा

वाचनखूण साठवली. नेहमीच्या गाजलेल्या खटल्यांपेक्षा वेगळं वाचायला मिळालं. एक शंका: आणीबाणीत मूलभूत हक्क स्थगित असतात ना? मग कोर्टाने याचिका ऐकलीच कशी?

आडगल्ली

@मेथांबा, चांगलं विचारलंत, मूळ धाग्यात हे यायला हवं होतं.

नोव्हेंबर १९६२ चा राष्ट्रपतींचा आदेश असा होता की अनुच्छेद २१ (जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य) आणि २२ (अटक-स्थानबद्धतेतलं संरक्षण) खालच्या हक्कांसाठी कोर्टात जाता येणार नाही, *जर* ते हक्क भारत संरक्षण अध्यादेशाखाली किंवा त्याच्या नियमांखाली काढून घेतले असतील तर. खटला त्या 'जर'वरच आत आला. कोर्ट म्हणालं, हस्तलिखित अडवण्याला त्या नियमांचा आधार असेल तर आम्ही हात लावणार नाही. पण आधारच नसेल, तर ते त्या नियमांखाली केलेलं नव्हे, आणि आदेशाचं कुलूप त्याला लागत नाही. माखनसिंग खटल्यात १९६३ सालीच कोर्टाने ही फट दाखवून ठेवली होती.

पुढच्या आणीबाणीतल्या, २७ जून १९७५ च्या आदेशात हा 'जर' गायब आहे. कोणीतरी आधीचे निकाल नीट वाचून मसुदा केला होता.

गोदाकाठ

म्हणजे फिरून तेच. मसुदा करणाऱ्याने एक वाक्य ठेवलं तर स्वातंत्र्य आहे, काढलं तर नाही. यात कोर्टाची मर्दुमकी कुठे आली? आणि दुसरं, 'अर्थ लावतो' म्हणत न्यायाधीश आपल्या मनातलं घटनेत घालतात त्याचं काय? अनुच्छेद २१ मध्ये दोन ओळी आहेत. त्यात आज उपजीविका आहे, खासगीपणा आहे, स्वच्छ हवा आहे. हे घटना समितीने लिहिलं होतं का? समितीने तर 'ड्यू प्रोसेस' हा शब्द मुद्दाम काढून 'कायद्याने प्रस्थापित कार्यपद्धती' असं घातलं. निवडून न आलेल्यांनी मागच्या दाराने तो परत आणला. उद्या असाच अर्थ उलट्या बाजूने लावला तर तुम्ही टाळ्या वाजवाल का?

मेथांबा

प्रतिसाद काढून टाकला आहे. (दोनदा पडला.)

आडगल्ली

@गोदाकाठ, दुसऱ्या मुद्द्यात दम आहे. गोपालन खटल्यात १९५० साली कोर्टाने तुम्ही म्हणता तसाच अर्थ लावला होता: संसदेने कायदा केला, त्यात कार्यपद्धती लिहिली, संपलं. ती न्याय्य आहे का, हे बघायचं नाही. १९७८ साली मनेका गांधी खटल्यात हे बदललं आणि कार्यपद्धती वाजवी, न्याय्य असायला हवी असं ठरलं. हा बदल शब्दांतून आपोआप निघत नाही, मान्य. मधल्या काळात आणीबाणी होऊन गेली, आणि कोर्टाला तोंड दाखवायला जागा हवी होती, हेही मान्य.

पण पहिल्या मुद्द्यावर मी नाही म्हणणार. 'जर' काढला म्हणून निकाल ठरला, असं असतं तर एडीएम जबलपूर खटल्याचा (आणीबाणीत स्थानबद्धांना कोर्टात दाद मागता येते का? कोर्ट म्हणालं, नाही) निकाल पाच विरुद्ध शून्य लागला असता. तो २८ एप्रिल १९७६ ला चार विरुद्ध एक लागला. आदेश तोच, घटना तीच. सरन्यायाधीश रे, न्या. बेग, न्या. यशवंतराव चंद्रचूड आणि न्या. भगवती एका बाजूला, न्या. एच. आर. खन्ना एकटे दुसऱ्या. खन्नांनी सुनावणीत महान्यायवादी नीरेन डे यांना विचारलं होतं की अनुच्छेद २१ मध्ये जीविताचाही उल्लेख आहे, मग पोलिसाने वैयक्तिक वैरातून माणसाला ठार मारलं तर? आणीबाणी चालू असेपर्यंत कोर्टात दाद नाही, असं उत्तर मिळालं. बघा, पुन्हा रिकामं ताटच. १९६५ साली त्याने निकाल फिरला, १९७६ साली चार जणांनी ते पाहिलं नि पुढे गेले.

खन्नांचं म्हणणं होतं की जगण्याचा हक्क अनुच्छेद २१ ने दान दिलेला नाही. ते कलम नसतं तरी कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचा जीव किंवा स्वातंत्र्य घेण्याचा अधिकार राज्याला नाही. म्हणजे मनाईचा कागद तुम्ही दाखवा. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून बेग सरन्यायाधीश झाले, खन्नांनी राजीनामा दिला. ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर आता आणीबाणीतही अनुच्छेद २० आणि २१ स्थगित करता येत नाहीत.

रेवदंड्याची_लेक

इतकं कायद्याचं मला कळत नाही, पण 'हस्तलिखित' वाचून लिहावंसं वाटलं.

माझे आजोबा शाळामास्तर. १९७५ च्या आणीबाणीत मिसाखाली (खटल्याशिवाय स्थानबद्ध करणारा कायदा) अठरा महिने आत होते. त्यांची पत्रं यायची त्यातल्या कितीतरी ओळींवर काळी शाई फासलेली असायची. आजी पत्र घेऊन माजघरातून ओसरीवर यायची आणि उन्हाकडे धरून शाईखालचं वाचायचा प्रयत्न करायची. एकदा तिला 'खोकला' एवढा एकच शब्द लागला. पुढचे पंधरा दिवस घरात कोणी धड जेवलं नाही. सुटून आल्यावर आजोबांनी सांगितलं, खोकला शेजारच्या खोलीतल्या माणसाला होता.

आत त्यांनी ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायावर टिपणं काढली होती, दोनशे पानी वहीत. सुटताना वही ठेवून घेतली. कुठल्या नियमाखाली, ते त्यांनी विचारलं नाही. विचारायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. तुरुंगातून सोडताहेत, आता वहीसाठी कुठे वाद घाला, असं त्यांना वाटलं असणार. मरेपर्यंत म्हणायचे, "नवव्या ओवीवर चांगलं सुचलं होतं, आता आठवत नाही."

संझगिरींनी विचारलं, एवढाच फरक.

जुनेफोर्ट

@रेवदंड्याची_लेक, दंडवत तुमच्या आजीला.

त्याच काळातली दुसरी बाजू सांगतो. सुप्रीम कोर्टाचं नाव निघतं, पण आणीबाणीत मुंबई हायकोर्टाने बरंच केलं. देशातल्या ज्या नऊ हायकोर्टांनी स्थानबद्धांच्या याचिका ऐकून घेता येतात असं म्हटलं, त्यांत आपलं नागपूर खंडपीठ होतं. जबलपूर निकालाने हे सगळे एका दिवसात पुसले गेले.

सेन्सॉरशिपचा खटला त्याहून झकास आहे. मिनू मसानींच्या 'फ्रीडम फर्स्ट' मासिकातला मजकूर सेन्सॉरने कापला. मसानी कोर्टात. फेब्रुवारी १९७६ मध्ये न्या. मदन आणि न्या. कानिया यांच्या पीठाने सांगितलं की सगळ्या वर्तमानपत्रांनी एकाच वाऱ्याला शिडं लावावीत, एका रांगेत चालावं, एका सुरात बोलावं, हे बघणं सेन्सॉरचं काम नव्हे. तारीख लक्षात घ्या. आणीबाणी ऐन भरात होती, मराठी-इंग्रजी बहुतेक पेपर मुकाट होते.

आणि इथेही पद्धत आडगल्ली म्हणतात तीच. सेन्सॉरचा आदेश रद्दबातल नव्हे, आदेश वैध धरला. मग एकेक मजकूर समोर घेऊन विचारलं, हा आदेशातल्या कुठल्या मनाईत बसतो ते दाखवा.

तसंच मुंबईत वकिलांची एक सभा भरायची होती, विषय नागरी स्वातंत्र्य आणि कायद्याचं राज्य. चार भिंतींच्या आतली, निमंत्रितांची. पोलीस आयुक्तांनी बंदी घातली. न्या. तुळजापूरकरांच्या पीठाने बंदी उडवली.

गोदाकाठ

वाचतोय. जुनेफोर्ट यांचा प्रतिसाद आवडला, कारण त्यात न्यायाधीशांनी नवीन काही निर्माण केलं नाही, सरकारला त्याच्याच कागदाला बांधलं. माझा आक्षेप निर्मितीला आहे. तिथे काय होतं ते सांगतो.

ओल्गा टेलिस खटला, मुंबईच्या पदपथावरची माणसं. जुलै १९८१, अंतुले मुख्यमंत्री, भर पावसाळ्यात झोपड्या उठवून लोकांना मुंबईबाहेर धाडण्याचं फर्मान. खटला चार वर्षं चालला. १० जुलै १९८५ च्या निकालात सरन्यायाधीश चंद्रचूड (हेच ते, जबलपूरवाले) लिहितात की जगण्याच्या हक्कात उपजीविका येते, कारण जगण्याचं साधन काढून घेतलं तर जगणंच काढून घेतल्यासारखं आहे. कायद्याच्या वर्गात हे वाक्य पोरं घोकतात. पण निकालाचा शेवट वाचा. पदपथ सार्वजनिक, तिथे झोपडी बांधायचा हक्क कोणालाही नाही, महापालिका कायद्याचं कलम ३१४ (नोटीस न देता अतिक्रमण हटवण्याचं) वैध, आणि ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत उठवू नका. म्हणजे पावसाळा काढा नि निघा.

हक्क मिळाला आणि झोपडी गेली. असे हक्क पसाभर मिळाले तरी त्यांचं करायचं काय?

आडगल्ली

@गोदाकाठ, याला उत्तर नाही माझ्याकडे. ज्याची झोपडी गेली त्याला 'तुझ्यामुळे अनुच्छेद २१ विस्तारला' असं सांगायला मी जाणार नाही.

फक्त त्या निकालातला एक तुकडा तुमच्या नजरेतून सुटला असेल तर ठेवतो. महापालिका म्हणत होती की या लोकांनी हायकोर्टात स्वतःच कबूल केलंय की पदपथावर झोपडी बांधायचा मूलभूत हक्क आम्हाला नाही, आता सुप्रीम कोर्टात शब्द फिरवू शकत नाहीत. कोर्टाने ते ऐकलं नाही. घटनेविरुद्ध असा मुखबंध (आधीच्या कबुलीने तोंड बांधणं) चालत नाही, मूलभूत हक्क माणसाने लिहून दिला तरी सुटत नाही, असं सांगितलं. उन्हातान्हात अंगठा उठवून घेतलेल्या कागदांच्या या देशात ही गोष्ट मला उपजीविकेच्या वाक्याइतकीच मोठी वाटते.

जबलपूरचा निकाल पुढे औपचारिकपणे मोडीत निघाला तो २४ ऑगस्ट २०१७ ला, पुट्टस्वामी खटल्यात, आणि तसं लिहिणारे न्यायमूर्ती यशवंतरावांचेच चिरंजीव. हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून लांबवत नाही.

तालुका_वकील

उशिरा आलो. तुमची चर्चा घटनापीठांची, माझी प्रॅक्टिस प्रांताच्या ऑफिसातली. तिथे हा प्रश्न दर आठवड्याला येतो, तडीपारीत.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, कलम ५६. माणसाला जिल्ह्याबाहेर दोन वर्षांपर्यंत घालवता येतं. त्याआधी कलम ५९ ची नोटीस, त्यात आरोपांचं साधारण स्वरूप. 'गोपनीय साक्षीदार अ' आणि 'ब' यांचे इन-कॅमेरा जबाब, दोघांचीही गोष्ट शब्दशः सारखी: रस्त्यात अडवलं, खिशातून पैसे काढले, भीतीने तक्रार दिली नाही. तारीख नाही, जागा नाही. गेल्या वर्षी माझ्या पक्षकाराच्या आदेशात मधल्या परिच्छेदात दुसऱ्याच कोणाचं तरी नाव होतं. आधीच्या माणसाचा आदेश उघडून वरचं खालचं बदललं होतं, मधलं राहून गेलं. मी ते दाखवलं तर समोरून उत्तर: "वकीलसाहेब, टंकलेखनाची चूक आहे. तुमचा माणूस चांगला आहे असं काही तुमच्याकडे आहे का?"

बघा, कागद कोणी दाखवायचा!

२०२२ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने जालन्याच्या एका तडीपारीत (न्या. ओक यांचा निकाल) स्पष्ट सांगितलंय की तडीपारी हा असाधारण उपाय आहे, देशात कुठेही फिरण्याच्या हक्कावर तो घाव आहे, आणि पूर्ण दोन वर्षं घालवायचं तर का, ते आदेशात दिसलं पाहिजे. माझ्या ऑफिसात त्याच्या दहा झेरॉक्स काढून ठेवल्यात. पण खाली वाचतं कोण? कलम ६० खाली अपील, मग हायकोर्ट, तोवर माणसाचे आठ-दहा महिने दुसऱ्या जिल्ह्यात मेहुण्याकडे गेलेले असतात. हमाली सुटते, पोरांची शाळा सुटते.

त्यामुळे @गोदाकाठ यांचा 'निवडून न आलेले न्यायाधीश' हा मुद्दा मला शहरी वाटतो. माझ्याकडे येणारा माणूस कोर्टाने फार अर्थ लावला म्हणून रडत नाही, कोर्ट सव्वादोनशे किलोमीटरवर आहे म्हणून रडतो.

गोदाकाठ

@तालुका_वकील, '+१' देतो, आणि माझा मुद्दा मागे घेत नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

रेवदंड्याची_लेक

वकीलसाहेब, त्या नाव राहून गेलेल्या माणसाचं पुढे काय झालं?

तालुका_वकील

आदेश अपिलात रद्द झाला. सात महिने गेले होते.

@आडगल्ली, त्या संझगिरी निकालाचा संदर्भ द्याल का? परवा गुरुवारी एका नोटिशीला लेखी जबाब द्यायचाय. पक्षकाराचा गुन्हा असा की तो 'रात्री उशिरापर्यंत चौकात बसलेला असतो'. बसायची परवानगी कुठे आहे, असं विचारतील.

आडगल्ली

एआयआर (ऑल इंडिया रिपोर्टर) १९६६ सुप्रीम कोर्ट ४२४. छोटाच निकाल आहे, अख्खा जोडा. जेवणाच्या वाक्याखाली लाल पेन्सिलीने रेघ मारा.